पान्यात पालथं होईन

‘चाचणी’ हा शब्द शाळेत जपून वापरावा लागतो. पहिली घटक चाचणी, दुसरी घटक चाचणी, सराव चाचणी, पायाभूत चाचणी. पोरांनी हा शब्द इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो कानावर पडताच मागच्या बाकांवरचे चार जण लगेच पोट धरून बसतात. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मी नववीच्या वर्गात जाऊन “येत्या शनिवारी एक मोठी चाचणी आहे” असं म्हणाले, तेव्हा काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

“मॅडम, सिलॅबस कोनता हाये?”

सिलॅबस नाही, म्हटलं. चाचणी आपली नाही, इस्रोची आहे. गगनयानाची. तिचं नाव टीव्ही-डी१.

हे नाव ऐकून वर्गात जे समाधान पसरलं ते मला नंतर कळलं. अर्ध्या वर्गाला वाटलं होतं की टीव्हीचा नवा डिश पॅक येतोय.

मी कुही तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. राहते नागपुरात, रोज अप-डाऊन करते. आमच्याकडे अप-डाऊन हा शब्द क्रियापदासारखा वापरतात. आधीच्या पिढीतले शिक्षक इतवारीहून नागभीडच्या नॅरोगेजने यायचे. ती गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. आता एसटी, नाहीतर कुही फाट्यावर उतरून जे मिळेल ते. तालुका धानाचा, सोयाबीनचा, कापसाचा आणि मिरचीचा. हिवाळा उतरला की मिरचीचे सातरे सुरू होतात, म्हणजे लाल मिरचीच्या ढिगाभोवती बसून बाया दिवसभर डेठ खुडतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरींच्या आया तिथे असतात. त्या दिवसांत वह्यांनासुद्धा खाट लागतो, तपासताना शिंका येतात. पूर्वेला वैनगंगा आहे, आंभोऱ्याचा संगम आहे आणि गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी आहे. त्या पाण्यामुळे उठलेल्या गावांची मुलंही आमच्याकडे येतात, पुनर्वसनाच्या वस्त्यांमधून.

ही ओळख एवढ्यासाठी, की या मुलांना अवकाशाबद्दल काहीच माहीत नसतं असा एक समज शहरात आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी रॉकेट पडताना डोळ्यांनी पाहिलेलं होतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटलेल्या ठिणग्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. सगळ्या विदर्भाने ती पाहिली. इथून दक्षिणेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ धातूचं मोठं कडं येऊन पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे ते अवशेष असावेत असं पुढे अभ्यासकांनी सांगितलं. म्हणजे आमच्या मुलांच्या लेखी अवकाश ही वरून अंगावर पडणारी गोष्ट आहे. टीव्ही-डी१ बद्दल पहिला प्रश्न आला तो हाच.

“आपल्यावर पडन का?”

नाही, समुद्रात पडणार. श्रीहरिकोटा इथून जवळपास सरळ दक्षिणेला आहे, हवेतलं अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. फळ्यावर नकाशा काढला. कुहीचा ठिपका, श्रीहरिकोट्याचा ठिपका.

“मंग थे जाते कुठी?”

कुठेच नाही. वर जाणार आणि समुद्रात पडणार.

“आन आत कोन बसन?”

कोणी नाही.

मग तो आला, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल. खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरचा. धरणग्रस्त गावातला, ढिवर घरचा. आठवड्यातले दोन दिवस शाळेत यायचा, बाकीचे चार काकासोबत जाळ्यावर. तो उठून उभासुद्धा राहिला नाही. बसूनच म्हणाला, “कोनी नाही बसलं तं वाचवून कोनाले राहिले मंग?”

वर्ग हसला. प्रश्न मात्र अगदी नेमका होता.

अडचण अशी होती की दोनच महिन्यांपूर्वी चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं होतं. २३ ऑगस्ट, संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. त्या दिवशी कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नव्हतं. चंद्र सगळ्यांना माहीत आहे, उतरणं सगळ्यांना कळतं आणि आधीच्या वेळी उतरताना बिघडलं होतं हेही माहीत होतं. गावात फटाके फुटले. मला आनंद झालाच, पण एक गोष्ट खटकत राहिली. मुलं ते मॅचसारखं पाहत होती. जिंकलो की हरलो, एवढंच. दुसऱ्या दिवशी एकानेही विचारलं नाही की आता तिथे ते यंत्र नेमकं काय करतंय. आणि आता मी त्यांना ज्याचं कौतुक सांगायला आले होते त्यात जिंकण्यासारखं काहीच नव्हतं. नऊ मिनिटांचा खेळ. रॉकेट मुद्दाम अर्ध्यात सोडून द्यायचं, वरचा डबा ओढून दूर न्यायचा, तो छत्र्यांनी खाली आणायचा. ना चंद्र, ना उपग्रह, ना झेंडा.

मी ठरवलं की देशाचं नाव मोठं वगैरे काही बोलायचं नाही. ते बोलून टाळ्या मिळतात, आणि टाळ्या वाजवून झाल्या की मुलं मोकळी होतात.

त्याऐवजी एक वही केली. दोनशे पानी, कोरी. पहिल्या पानावर लिहिलं, ‘काय बिघडेल?’ प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा, खाली सही करायची. बरोबर-चूक काही नाही, गुण नाहीत. शनिवारी बघू कोणाचं खरं होतं.

पण बिघडेल काय हे लिहायला आधी वस्तू कळायला हवी. म्हणून चार दिवस आम्ही ती वस्तू मोजत होतो. या चार दिवसांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुलं तिथेच अडकली.

रॉकेटची उंची ३५ मीटरच्या आसपास. वजन ४४ टन. मिरचीचं पोतं ४० किलोचं धरलं तर अकराशे पोती. त्याला खाली एकच इंजिन, विकास नावाचं, द्रव इंधनावर चालणारं. वर डबा, साडेचार टनांचा. इस्रो त्याला क्रू मॉड्यूल म्हणते, आमच्या वर्गात पहिल्या तासापासून तो डबाच झाला. डब्याच्या डोक्यावर टोकदार मनोरा, त्यात घन इंधनाच्या मोटारी. खालचं रॉकेट बिघडलं तर या मोटारी पेटतात आणि डब्याला उचलून बाजूला नेतात. घन इंधन म्हटल्यावर मी वसंत गोवारीकरांचं नाव सांगितलं. साताऱ्यात वाढलेला मराठी माणूस, भारताच्या अग्निबाणांचं घन इंधन इथेच बनावं म्हणून ज्यांनी आयुष्यातली वर्षं घातली ते.

चाचणी कधी करायची, तर रॉकेट बारा किलोमीटरच्या आसपास पोचलं आणि आवाजाच्या वेगाच्या १.२ पट पळत असलं की. का तेव्हाच? कारण त्या सुमाराला हवेचा रेटा फार असतो. पळत्या बैलगाडीतून उडी मारणं सोपं, पळत्या ट्रकवरून अवघड. अवघड तेच तपासायचं. जमिनीवर उभ्या डब्याला उचलून नेण्याची चाचणी इस्रोने आधीच केली होती, ५ जुलै २०१८ ला. ही पळत्या गाडीची.

“एका मिनिटात बारा किलोमीटर?” एका मुलीने विचारलं. हो. तेवढ्या वेळात आपली नागपूर बस स्टँडच्या बाहेरसुद्धा निघत नाही.

छत्र्या एकूण दहा. आधी दोन छोट्या, डब्याचं झाकण ओढून काढायला. मग दोन वेग मारायला. मग तीन, ज्या मुख्य छत्र्यांना बाहेर ओढतात. आणि शेवटी तीन मोठ्या, प्रत्येकी २५ मीटर व्यासाच्या. त्यातली एक उघडली नाही तरी दोघींवर भागतं अशी सोय. २५ मीटर म्हणजे किती हे कोणालाच वाटेना, मलाही. म्हणून साडेबारा मीटरची दोरी घेतली, मैदानाच्या मध्यात एकाला धरून उभं केलं आणि वर्तुळ आखलं. मग त्या चुन्याच्या रेघेवर मुलं हात पसरून उभी राहिली. ५५ मुलं लागली. दहावीतली काही ओढून आणावी लागली. वर्तुळ पुरं झालं तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. एवढं कापड! आणि अशी तीन!

मग पोरं स्वतःच म्हणाली, आपण पण टाकून पाहू.

कच्चं अंडं वापरायचं असा माझा विचार होता, सगळीकडे तसंच करतात. पण नवरात्र होतं. “मॅडम, घट बसले हायेत घरी, अंडं नाही आनत मी,” असं तिघींनी सांगितलं. मग ठरलं, भेदरं. इकडे टमाटरला भेदरं म्हणतात. जुलैत हीच भेदरं दीडशे-दोनशे रुपये किलो होती, तेव्हा हा प्रयोग परवडला नसता. नवरात्रात नारळ सगळीकडे, त्यामुळे डबे करवंट्यांचे झाले. युरियाच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक, शिवणाचा दोरा आणि शाळेची गच्ची.

पहिली नऊ भेदरं फुटली. छत्री उघडायची, पण डोलायला लागायची, एका बाजूने हवा सांडायची आणि करवंटी तिरपी येऊन आपटायची. दहावी छत्री ज्या मुलाची होती त्याला धड प्लास्टिक मिळालं नव्हतं. त्याच्या तुकड्याला बरोबर मध्ये भोक होतं, उंदराने कुरतडलेलं. पोरं हसत होती. ती छत्री सरळ खाली आली. डोललीच नाही. भेदरं शाबूत.

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांनी आपापल्या छत्रीला मध्ये भोक पाडलं. का, ते मी लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीनेच सांगितलं की आत कोंडलेली हवा बाजूने निघायला बघते म्हणून छत्री हलते, मधून वाट दिली की सरळ जाते. खऱ्या छत्र्यांनाही मध्ये अशी वाट ठेवलेली असते हे सांगितल्यावर उंदीरवाला मुलगा दोन दिवस कॉलर ताठ करून फिरला.

मुख्याध्यापकांनी गच्चीवरचे लाल डाग पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

वही भरत होती. ‘छत्री अटकन.’ ‘इंजिन बंद पडन.’ ‘पाऊस येईन.’ ‘डबा जहाजावर पडन.’ ‘काहीच बिघडनार नाही, भारत माता की जय.’ आणि गुरुवारी एका मुलीने अंदाज न लिहिता प्रश्न लिहिला. माझ्या आधी तो सगळ्यांनी वाचला होता.

तिच्या आजीला त्या पावसाळ्यात रात्री छातीत कळ आली होती. गाडी मिळेपर्यंत पहाट झाली. नागपूरच्या वाटेवरच आजी गेली. हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मुलीने लिहिलं होतं की तिथे माणूस बसायच्या आधीच त्याला वाचवायची सोय करून राहिले, आणि इथे माणूस असून गाडी नाही, असं कसं?

मला याचं तयार उत्तर माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. उपग्रहांमुळे हवामान कळतं, मासेमारांना सूचना मिळतात, टीव्ही दिसतो, एक रुपया घातला की समाजाला जास्त परत मिळतं वगैरे. त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण गगनयानासाठी २०१८ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने मंजूर केलेले ९,०२३ कोटी आणि एका आजीला न मिळालेली गाडी हे दोन आकडे एकमेकांतून वजा होत नाहीत. ते पैसे वाचले असते तर गाडी आली असती असंही नाही, आणि रॉकेट उडालं म्हणून गाडीचा प्रश्न गप्प करावा असंही नाही. मी वर्गात एवढंच म्हटलं की प्रश्न बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो वहीतच राहील. मग विषय पुढे नेता येईना. तास संपायला दहा मिनिटं होती, आम्ही बसून राहिलो. कोणीतरी खिडकी उघडली.

शनिवार, २१ ऑक्टोबर. शनिवारची सकाळची शाळा. उड्डाण आठ वाजता होतं. शाळेचा प्रोजेक्टर महिनाभरापासून आजारी, म्हणून एका सरांनी घरचा टीव्ही मोटारसायकलवर मांडीत धरून आणला. नेट माझ्या फोनचं. साडेसातला साठेक मुलं एका खोलीत. ढिवराचा मुलगा आला होता. शनिवारी तो कधीच येत नसे.

आठचे साडेआठ झाले. तिकडे हवा खराब. साडेआठचे पावणेनऊ. मुलं चुळबुळली. मग उलटी गिनती सुरू झाली आणि सगळी खोली मोठ्याने मोजायला लागली. दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच.

पाचवर थांबली. पुढचा आकडाच आला नाही.

खोलीतल्या मुलांनी मात्र चार, तीन, दोन, एक म्हणून टाकलं आणि टाळ्या वाजवल्या. टीव्हीवर रॉकेट तसंच उभं. मग एकाने मोठ्याने म्हटलं, “फेल झालं!” आणि दहाएक पोरं उठून मैदानात पळाली. थोड्या वेळाने इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ पडद्यावर आले. इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलं नाही, रॉकेट सुरक्षित आहे, काय झालं ते पाहून पुन्हा सांगतो, असं त्यांनी सांगितलं. चेहरा अगदी रोजचा, जणू बस उशिरा सुटणार आहे.

“मॅडम, थांबवलं कोनं?”

कोणी नाही. संगणकाने. शेवटच्या मिनिटांत सगळं तोच बघतो. काहीतरी जुळत नाही असं दिसलं आणि तो थांबला.

“साहेबाले न इचारता?”

न विचारता.

याचं मुलांना जे नवल वाटलं ते रॉकेट उडाल्याच्या नवलापेक्षा मोठं होतं असं माझं मत आहे. त्यांच्या ओळखीच्या जगात साहेब बसलेला असताना, कॅमेरे लागलेले असताना, सगळा देश बघत असताना कोणी काम थांबवत नाही. मांडव पडायला आला तरी कार्यक्रम होतो. आणि इथे पाच सेकंद उरलेले असताना एक यंत्र म्हणतं, नाही, आत्ता नाही.

आता वेळ होता. मैदानातली पोरं परत बोलावली आणि त्यांना मी एक गोष्ट सांगितली. ती मी राखून ठेवली होती असं नाही, सुचली म्हणून सांगितली.

२६ सप्टेंबर १९८३. बैकानूरचा तळ, तेव्हाचा सोव्हिएत संघ. सोयूझ रॉकेटच्या टोकाला दोन माणसं बसलेली, व्लादिमीर तितोव आणि गेन्नादी स्त्रेकालोव. उड्डाणाला दीड मिनिट उरलेलं आणि खाली आग लागली. आत बसलेल्या दोघांना ती दिसत नव्हती. आगीत तारा जळाल्या, त्यामुळे सुटकेचा हुकूम नेहमीच्या वाटेने जाईना. नियंत्रण कक्षातून रेडिओने हुकूम गेला, वरचा मनोरा पेटला, त्याने डबा उचलला. काही सेकंदांतच खालचं रॉकेट फुटलं. डबा छत्रीने चारेक किलोमीटरवर उतरला. दोघांना मुका मार लागला, जीव वाचले.

“खरी गोष्ट?”

खरी. आणि पुढे ऐका. सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ ला, राकेश शर्मा अंतराळात गेले. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलंय ना? त्यांच्यासोबत यानात आणखी दोघं होते. एक युरी मालिशेव. दुसरे कोण?

कोणाला माहीत असणार! दुसरे स्त्रेकालोव. तेच. आगीतून निघालेला माणूस सहा महिन्यांत पुन्हा तसल्याच रॉकेटच्या टोकावर जाऊन बसला, आपल्या राकेश शर्मांच्या शेजारी.

कल्पना चावलांचं नाव निघालं, ते निघतंच. दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या भाषणात त्या असतात. मी सांगितलं की त्यांचा अपघात परत येताना झाला, तिथे हा मनोरा कामाचा नसता. १९८६ चं चॅलेंजर मात्र उडतानाच फुटलं, ७३ सेकंदांत, सात माणसं गेली. त्या यानाला अशी सुटकेची सोयच नव्हती. सगळ्याला एकच औषध नसतं हे मुलांना पटायला वेळ लागतो, मोठ्यांनाही लागतो.

आजीवाल्या मुलीने विचारलं, “त्या दोघाईले कोनं इचारलं का, पुन्हा बसता का म्हनून?”

विचारलं असेल, म्हटलं. तिने मान हलवली. ती काय म्हणून हलवली ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

दहा वाजता रॉकेट उडालं. तोवर बिघाड सापडला होता, दुरुस्त झाला होता. या वेळी आमच्या खोलीत कोणी मोजलं नाही. धूर, आग आणि वर चढणारा पांढरा दांडा. मिनिटभराने वरचा भाग सुटून पुढे पळाला तेव्हा दोन-तीन पोरं खुर्चीवर चढली. सतरा किलोमीटरच्या आसपास पोचून डबा मनोऱ्यापासून वेगळा झाला. मग छत्र्या. पोरं मोजत होती, “दोन... तीन... तीनई उघडल्या!” डबा ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगाने बंगालच्या उपसागरात उतरला, किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर. सगळं मिळून नऊ मिनिटं.

टाळ्या झाल्या. उंदीरवाला मुलगा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन छत्रीच्या मध्ये भोक दिसतं का ते बघत होता.

ढिवराचा मुलगा बसूनच होता. “पान्यात पडला, दिसून नाही राहिला,” तो म्हणाला. नौदलाची माणसं जाऊन काढतील, म्हटलं. तो काही बोलला नाही.

वही मी घरी घेऊन गेले होते, रविवारी चाळली. त्याचं पान मी आधी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात एकच ओळ होती. ‘पान्यात पालथं होईन.’ खाली सही.

आणि बातमी तीच होती. डबा समुद्रात उलटा झाला होता. नौदलाच्या पाणबुड्यांनी तो तसाच काढून आणला. आत माणसं असतील तेव्हा डब्याला सुलटं करणारी व्यवस्था लावलेली असेल, या चाचणीत ती नव्हती, असं इस्रोने सांगितलं. चाचणी यशस्वीच होती. पण साठ मुलांच्या वहीत, आणि मी वाचलेल्या कुठल्याही लेखात, हे आधी कोणी लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी त्याला विचारलं, तुला कसं कळलं? त्याला यात विचारण्यासारखं काय हेच कळेना. “डोंगा नाही होत का पालथा? तुमी फळ्यावर काढला तवाच दिसलं. वरून ओढ, लाटा, खाली पसरट. भरला नसन तं पालथाच होते.” २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा त्याच्या काकाने डोंग्यातून माणसं काढली होती. हा तेव्हा सहावीत, काकासोबत डोंग्यात. एकदा डोंगा उलटलाही होता. त्याला छत्र्यांमध्ये रस नव्हताच. पाण्यात पडल्यावर पुढे काय, हा त्याचा विषय. त्या दिवशी मी विज्ञानाचा तास त्याला दिला. त्याने फळ्यावर डोंगा काढला आणि वजन कुठे ठेवायचं ते सांगितलं. वीस मिनिटं बोलला. उत्प्लावन बल हा शब्द त्याने एकदाही वापरला नाही, धडा मात्र पूर्ण झाला.

यानंतर तो रोज शाळेत यायला लागला असं लिहायला मला आवडलं असतं. आठवड्यातले दोन दिवस यायचा, ते तीन झाले. दहावी काठावर निघाली. आता आयटीआयला आहे.

दसऱ्याला निम्मा तालुका दीक्षाभूमीवर असतो, नंतर सोयाबीनची घाई, मग सत्र परीक्षा आणि दिवाळी. मला वाटलं विषय संपला. पण नोव्हेंबरात शाळा उघडली तेव्हा आजीवाल्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एक कागद आणला. त्यांच्या गावात चारचाकी कोणाकोणाकडे आहे, रात्री कोण फोन उचलतो, ड्रायव्हर कोण, १०८ ला फोन केल्यावर गावाची खूण काय सांगायची. वर नाव लिहिलं होतं, ‘एस्केप सिस्टीम’. तो कागद त्यांना गावातल्या समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवायचा होता. रंगवला. एका गाडीवाल्याने आपला नंबर दुसऱ्याच दिवशी खरवडून काढला, रोज रात्री उठवाल म्हणून. त्यावरून भांडण झालं. मुलींनी तिथे पुन्हा नंबर लिहिला नाही, जागा तशीच मोकळी सोडली. ती मोकळी जागा पाहून सगळ्यांना कळतं कोणाची ते. यादीचा उपयोग आजवर दोनदा झाल्याचं मला माहीत आहे, एकदा साप चावला तेव्हा आणि एकदा बाळंतपणात.

हा विज्ञानाचा तास होता की नाही, यावर शिक्षकखोलीत दोन मतं आहेत.

आता नवी नववी आहे. दरम्यान बरंच घडलं. गगनयानासाठी निवडलेल्या चौघांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली. त्यातले शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये अमेरिकी मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. २४ ऑगस्ट २०२५ ला इस्रोने डबा हवेतून सोडून छत्र्यांची चाचणी घेतली. पुढची मोठी गोष्ट म्हणजे माणसाविना जाणारं पहिलं गगनयान, त्यात व्योममित्रा ही बाईच्या रूपातली यंत्रमानव. तिची तारीख पुढे सरकत राहिली आहे. मुलांना याचं काही वाटत नाही, तारखा सरकण्याची त्यांना सवय आहे. २०२३ च्या वहीत तर एकाने पैज लावून ठेवली होती की कुहीला ब्रॉडगेज आधी येईल की अंतराळात आपल्या रॉकेटवरून आपला माणूस आधी जाईल. पैज समोशांची आहे.

नव्या वर्गाला व्योममित्रा आवडली. यंत्र असून तिला बाई का केलं, यावर मुलींनी एक तास भांडून घेतला. तिला भीती वाटते का, तिला पाय का नाहीत, ती मराठी बोलते का. एकाने लिहिलं, ‘तिचा फोटो काढून आतले तारच दाखवा.’ नवी वही आणली आहे, पहिल्या पानावर तोच प्रश्न.

जुनी वही कपाटात आहे. तिची दोरी आणि चुना यंदाही लागेल, पण छत्र्यांचं प्लास्टिक उंदरांनी पार संपवलं, आता मध्ये भोक नाही, भोकात थोडं प्लास्टिक उरलंय. युरियाची रिकामी पोती कोणाच्या घरी निघतात ते विचारायचं आहे. आणि या वेळी नवरात्र नाही, त्यामुळे अंडी चालतील असं पोरांचं म्हणणं आहे. मी भेदरांवर ठाम आहे. फुटली तर धुवायला सोपी पडतात.